बांधावरच्या देवाची पत्रिका

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि तिथेच सगळं अडलं. आमच्याकडे पहिली पत्रिका बांधावरच्या देवाला. ती पोचल्याशिवाय दुसरी कुणालाच द्यायची नाही, सख्ख्या मामालासुद्धा नाही. अडचण एवढीच की देव आता बांधावर नव्हता. तो म्यूझियममध्ये होता.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. शेताला लागून पांढऱ्या मातीचं टेकाड. काही वर्षांपूर्वी तिथे उत्खनन झालं. खापरं निघाली, मणी निघाले, आणि मग खोदणाऱ्या साहेब लोकांची नजर आमच्या शेंदूर फासलेल्या देवावर गेली. हाही टेकाडातूनच आलेला असणार, म्हणाले. तेव्हा वडील होते. ‘‘देवाच्या डोक्यावर छप्पर येऊन राह्यलं, येऊ द्या ना,’’ म्हणत त्यांनी तो देऊन टाकला. माय त्या दिवशी जेवली नाही.

आता ती ऐकायला तयार नव्हती. ‘‘तुह्या लग्नाची पत्रिका त्याले मीच नेऊन देल्ली होती. नातीचीबी मीच देतो.’’

म्हणून आम्ही दोघं गेलो. म्यूझियम म्हणजे गावाबाहेरच्या दोन खोल्या, दाराला कुलूप. राखणदार पानटपरीवर सापडला. मायनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मी बूट काढावेत की नाही, ते मला ठरवता येईना. शेवटी एक काढला आणि मग लाजेखातर दुसराही काढला.

आतल्या खोलीत काचेच्या कपाटात तीन दगड होते. तिन्ही काळे, लांबट, मधे खोलगट. तिन्ही घासूनपुसून लख्ख. शेंदराचा ठिपका नाही.

‘‘आपला कोनता हाय रे?’’ मायनं विचारलं.

मी तिन्ही दगड आळीपाळीनं पाहिले. दहावीच्या परीक्षेआधी ज्याच्यापुढे लोटांगण घातलं, तो मला ओळखू येईना! राखणदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘हे माह्या आधीचं काम हाय साहेब. मले काय मालूम?’’

मग मी मायवरच चिडलो. ‘‘इतके वर्षं पुजला, अन् तुलेबी नाही ओयखू येत?’’

‘‘लगन होऊन आली तवापासून मी शेंदूरच पाह्यला त्याचा,’’ ती म्हणाली. ‘‘शेंदूर काढून कोन पाहाते देवाले?’’

मग तिनं काचेखालच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘‘काय लिवलं हाय?’’

वाचायला माझी जीभ रेटेना. ‘‘दळणाचे दगड. मंजे... लय जुन्या काळी बाया ह्याच्यावर दाणे दळत.’’

मला वाटलं, ती आता रडेल. खरं तर माझंच डोकं फिरलं होतं. आम्ही आजवर नारळ फोडले ते कुणापुढे? कुणाच्या तरी घरातल्या सामानापुढे? मग आमचं भलं करत होतं ते कोण? हात जोडावेत, तर तिघांपैकी कुणाला?

‘‘कोन्या बाईचा?’’ माय विचारत होती.

‘‘हजारो वर्षं झाली माय. कोनाले ठाऊक?’’

ती काचेशी जाऊन उभी राहिली. तिचा हात आपोआप मागेपुढे होत होता, पाट्यावर चटणी वाटताना होतो तसा. मग तिनं पिशवीतून पत्रिका काढली. चारही कोपऱ्यांना तिनं घरूनच हळद लावून आणली होती.

‘‘आजी, आत नाही ठेवता येत,’’ राखणदार चाचरत म्हणाला. ‘‘कपाटावर ठेवा पाह्यजे तर.’’

‘‘ठेवतो. पयले नाव लिही रे.’’

मी पेन काढलं. आजवर घरातल्या प्रत्येक लग्नात पत्रिकेवरच्या नावाच्या ओळीवर ‘बांधावरचा देव’ असं लिहिलं जायचं. आता पेन टेकेना.

‘‘काय लिहू?’’

‘‘मले काऊन पुसतं? मले तरी कुठं ठाऊक हाय?’’ ती पुन्हा दगडांकडे वळली. ‘‘दगड तीन. मंजे बाया तिघी. तिघीयचंबी दळण मंजे घरी खानारे असतीन ना रे? लेकरंबाळं, म्हातारे. सहपरिवार लिही.’’

नावाची ओळ कोरी ठेवून मी त्याखाली ‘सहपरिवार’ लिहिलं. मायनं पत्रिका कपाटावर ठेवली, काचेला डोकं टेकलं आणि पदर सावरला.

‘‘चाल,’’ ती म्हणाली, ‘‘आता तुह्या मामाकडे जाऊ.’’