रेघेतलं जस्त

पडदा वर जातो तेव्हा दिसते एक लांबट खोली. डावीकडे लोखंडी कपाटं, उजवीकडे खिडकी, मधोमध टेबल, आणि टेबलावर लठ्ठ मांजरासारखा पसरलेला कोष्टकांचा ग्रंथ: कुठल्या अन्नात कोणतं द्रव्य किती, ते सांगणारा. त्यावर वाकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या बाईंना सगळे आकडेताई म्हणत. माणसं दिवसभरात काय खातात ते वजनाने लिहायचं, कोष्टकातल्या आकड्याने गुणायचं आणि लोह, तांबं, जस्त असली चिमूटभरही न भरणारी द्रव्यं पोटात किती जातात ते सांगायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. ते हाडीमांसी इतकं भिनलेलं, की भावाच्या घरीही ताटात डाव पडला की त्या पुटपुटत, "ऐंशी ग्रॅम." वहिनी कपाळाला हात लावायची.

ही वहिनी साठ मुलींच्या वसतिशाळेत स्वयंपाक करायची. एका सोमवारी नेमका त्याच शाळेचा अहवाल ताईंच्या टेबलावर आला. दर मुलीच्या पोटात रोज जस्त जातं ४.१ मिलिग्रॅम, हवं साडेपाच. खाली शेरा: स्वयंपाकघर बंद करून कारखान्यातली तयार पाकिटं द्यावीत. महिनाअखेरीस साहेबांची सही झाली की वहिनीची चूल थंड.

ताईंनी अहवालातली पदार्थांची यादी ओळीओळीने तपासली. एकोणिसाव्या ओळीवर बोट थांबलं. वहिनी भोपळ्याच्या बिया भाजून, कुटून मसुराच्या सूपमध्ये ढवळायची. मुलीमागे रोज पंचवीस ग्रॅम. यादीत त्या बियांपुढे जस्त शून्य. ताईंनी ग्रंथ उघडला. भाजलेल्या बियांपुढे शून्य नव्हतं, आडवी रेघ होती. रेघ म्हणजे तिथलं जस्त कुणी मोजलेलंच नाही. संगणकाने खुशाल तिचं शून्य केलं होतं. रंगमंचावर नट क्षणभर थांबला की तो संवाद विसरला, असं ठरवून मोकळा होणारा प्रेक्षक असतो ना, तसं.

ताई साहेबांकडे गेल्या. साहेब मनाने भले, जिभेने तिखट. स्वयंपाकीण ताईंची कोण लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मग काय, वहिनींना विचारून आकडा भरू?"

ताईंचे कान तापले. आवाज मात्र चढला नाही. "मी तराजूला हातसुद्धा लावणार नाही, साहेब. दुसरं कुणीही बसवा. पण मोजा."

साहेबांनी प्रयोगशाळेतली एक करारी मुलगी धाडली. तीन दिवस, मुलींना वाढलं जायचं अगदी तेवढंच एक जादा ताट तिने भरलं, सगळं एकत्र वाटलं, बाटलीत बंद केलं. बियांची पुडी वेगळी. ताई दारात हात मागे बांधून उभ्या. वहिनी फणफणत होती. "वन्सं, कमी भरलं तर? हात दाखवून अवलक्षण केलंत तुम्ही." रेघेमागे काय दडलंय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

अठराव्या दिवशी लखोटा आला. साहेबांनी फोडला, वाचला, पुन्हा वाचला. शंभर ग्रॅम बियांत जस्त ७.२ मिलिग्रॅम. अख्ख्या ताटांची सरासरी ५.९. साहेब खुर्चीतून उठले. शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला, ग्रंथ ताईंपुढे सरकवला आणि आपलं पेन पुढे केलं. "तुम्हीच लिहा."

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे गुणणाऱ्या बाईने त्या रेघेवर पहिल्यांदा आपल्या अक्षरात आकडा लिहिला. सात, टिंब, दोन. खोलीतल्या साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नट, आयुष्यभर टाळ्यांवर जगलो, पण इतक्या खणखणीत टाळ्या फार थोड्यांच्या वाट्याला येतात, हे सांगू शकतो.

दुपारी ताई थेट वसतिशाळेत गेल्या. वहिनीला बातमी आधीच पोचलेली. डोळे पुसायचे तर दोन्ही हात पिठात. तिने मुलींच्या पंक्तीत ताट मांडलं, सूप घेतलं, आणि सवयीने ताईंच्या पुटपुटण्याची वाट पाहत डाव हवेतच धरला.

"वाढ गं वहिनी, आज नाही मोजत."