तुमी नोकरीला कसं लागलाव?

सोनपेठच्या आमच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. हॉल मोठा, टेबलं बरीच, आणि माणसं मात्र इथं एक, तिथं एक. मग तो बिचारा एखाद्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहतो, कारण त्या टेबलावरच्या पाटीवर त्याच्या कामाचं नाव लिहिलेलं असतं. थोडा वेळ वाट बघून मला विचारतो, "इथले साहेब कवा येणार?"

मी आस्थापना शाखेची लिपिक. कोण कुठल्या जागेवर, कुणाची रजा, कुणाची वेतनवाढ, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे उत्तर मला ठाऊक असतं, पण सांगायला जड जातं. त्या खुर्चीवरचे साहेब कधीचेच निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. त्यांचं काम आमच्या वरिष्ठ लिपिकांकडे, म्हणजे मोठ्या बाबूंकडे गेलं आणि मोठ्या बाबूंचं अर्धं काम माझ्याकडे आलं. "इकडं या, मी बघते," एवढंच मी म्हणते.

खात्याचं नाव सांगायची गरज नाही. शेतीपिकांशी संबंध असलेलं तालुक्याचं ऑफिस आहे, एवढं पुरे. मी लागले तेव्हा या हॉलमध्ये खुर्ची मागे ओढायला जागा नसायची, आणि बाई मी एकटीच. आता उरलेल्यांत बायका जास्त. हे कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. पगारही तेव्हाच्या मानानं कुठल्या कुठे गेले. वेतन आयोग लागला, महागाई भत्ता वाढत राहिला. पगार वाढत गेले आणि माणसं कमी होत गेली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, असं मी एकदा आमच्या साहेबांना विचारलं. साहेब तरुण, स्पर्धा परीक्षा देऊन आलेले. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, याचं उत्तर मला माहीत असतं तर मी इथं असतो का?"

त्यातच आमचे शिपाई मामा निवृत्त व्हायला आले.

मामा म्हणजे ऑफिस उघडणारा, झाडणारा, टपाल नेणारा, आणि कुठला जुना कागद कोणत्या कपाटात आहे ते सांगणारा माणूस. त्यांच्या निवृत्तीचे कागद मीच तयार करत होते. वरून पत्र आलं होतं की ते निवृत्त होताच त्यांचं पद व्यपगत होईल. म्हणजे माणसाबरोबर जागाही संपणार. आमच्या भाषेत अशा पदांना मृत संवर्ग म्हणतात. मी हे मामांना समजावून सांगत होते, तेवढ्यात त्यांनी मला अडवलं.

"मॅडम, मी तर आजून जित्ता हाय. मग मृत कामून?"

"तुम्ही नाही हो मामा, तुमची जागा."

"म्हंजी माझ्या जाग्यावर कुणीच येणार न्हाई?"

"नाही."

मामांना वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दिसलं ते नवलच. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. "मग शेवटच्या दिवशी चावी कुणापाशी देऊ?"

 ते विचारायला मी साहेबांकडे गेले. शेवटी चावी त्यांनी स्वतःच घेतली.

पुढचे काही आठवडे आम्ही पाळीपाळीनं ऑफिस उघडलं. माझी एसटी उशिरा आली की मोठे बाबू पायरीवर बसून राहायचे. पिण्याचं पाणी कोण भरणार यावरून दोन दिवस आमच्यात अबोला झाला. माझी पाळी असली की मी एकटीच दार उघडून आत जायची, आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये झाडू मारताना मला सारखं वाटायचं, इतकी वर्षं मामा सकाळी एकटे असताना कसला विचार करत असतील? त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

मग एक दिवस ती आली.

माणसं पुरवणाऱ्या एका गुत्तेदाराच्या एजन्सीमार्फत ऑफिसला एक माणूस मिळाला होता. आम्हाला वाटलं, कुणी बाप्या येईल. आली ती चोविशीतली मुलगी. साधा पंजाबी ड्रेस, पाठीला सॅक. गाव गोदावरीच्या काठाला, सोनपेठपासून जवळच. आई-वडील दिवाळी झाली की ऊस तोडायला कर्नाटकात जातात. ही आजीजवळ राहून शिकली. बी.एस्सी. झालेली. झाडायचं, पाणी भरायचं, टपाल न्यायचं असं तिला काम दिलं होतं. पण महिनाभरातच आमच्या ध्यानात आलं की संगणकाच्या टेबलावर कुणीच नाही आणि हिला मराठी टायपिंग येतं. सकाळी झाडू आणि दुपारी कीबोर्ड, असं तिचं सुरू झालं.

तिला एक सवय होती, प्रश्न विचारायची. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की ती एकेकाला धरायची. "तुमी नोकरीला कसं लागलाव?"

आम्ही वर्षानुवर्षं एकत्र जेवणारी माणसं, पण हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. कागदावर मला माहीत होतं. प्रत्येकाच्या सेवापुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. पण कागदावर वाचणं वेगळं आणि माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

मोठे बाबू लातूरकडचे. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बोलायला लागले. भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हा ते अगदी लहान होते. बाहेर अंगणात झोपल्यामुळे ते वाचले, आजोबा आत होते. पुढे भूकंपग्रस्त म्हणून दाखला मिळाला आणि त्याच्यावर नोकरी. "दाखला काढायला गेलो तर तिथला माणूस विचारतो, घराची किती पडझड झाली? मी म्हणालो, पूर्ण. तो म्हणाला, मग तुमचं काम होईल." हे सांगून ते हसले, पण कुणालाच हसू आलं नाही.

आवक-जावकच्या टेबलावरच्या ताई धरणात जमीन गेलेल्या घरातल्या. त्यांचं गाव पाण्याखाली आहे. त्या प्रकल्पग्रस्त. "एका घरात एकाला नोकरी," त्या म्हणाल्या. "भाऊ धंद्याला लागला होता, म्हणून मला मिळाली. न्हाईतर बाईला कुणी द्यायचं?"

मग ती माझ्याकडे वळली. मी म्हणाले, "माझे वडील याच खात्यात होते. नोकरीत असतानाच गेले. भाऊ लहान होता, म्हणून अनुकंपावर माझं नाव लागलं."

हे मी आयुष्यात कितीतरी अर्जांत लिहिलं असेल. तोंडानं असं पहिल्यांदाच बोलले. वडील नसते गेले तर मी इथं नसते, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं थोडंच? पण त्या दिवशी मला डबा संपवता आला नाही.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजी कुणाचं घर पडलं, कुणाचं गाव बुडालं, कुणाचे वडील गेले. साहेब तेवढे परीक्षा देऊन आले. मॅडम, ऊस तोडणाऱ्याच्या लेकरासाठी कसला दाखला न्हाई का?"

"माझ्या तरी माहितीत नाही," मी म्हणाले. "जातीचा असतो, उत्पन्नाचा असतो. हा नसतो."

"इचारलं आपलं," ती म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

दर महिन्याला मला एक तक्ता पाठवावा लागतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, त्यात महिला किती, कोणत्या प्रवर्गाचे किती. त्या महिन्यात तो तिनं टाइप केला. प्रिंट घेऊन माझ्याकडे आली आणि टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"काय झालं? चुकलं का काही?"

"न्हाई. पण मॅडम, मी यात कुठं हाय?"

मी बघितलं. खरंच, ती कुठंच नव्हती. शिपायाच्या जागेपुढे मंजूर पद शून्य, कारण मामांबरोबर ते संपलं होतं. संगणकाच्या टेबलापुढे रिक्त. आणि ही तर रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यासमोर काम करत होती. मला वाटलं, कुठला तरी रकाना माझ्या नजरेतून सुटला असेल. मी जिल्ह्याला फोन लावला. तिकडच्या बाबूंनी सांगितलं, "एजन्सीची माणसं तक्त्यात येत नाहीत. त्यांचे पैसे पगाराच्या लेखाशीर्षातून जात नाहीत, कंत्राटी सेवांच्या शीर्षातून जातात. ते कर्मचारी नाहीत मॅडम, ती सेवा आहे."

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती विचार करत म्हणाली, "आमच्या आई-बापाला मुकादम एक कोयता म्हणून मोजतो. दोन माणसं, पण कोयता एक. म्हंजी तिथं आर्धं आर्धं तरी मोजतेत."

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो आमच्यात कुणी तोंडावर विचारत नाही. "तुमचा पगार किती हाय?"

मी सांगितला. तिनं मान हलवली. "आन् मामांचा शेवटचा?"

तोही सांगितला. मामांची नोकरी लांबलचक, त्यामुळे माझ्या नि त्यांच्या पगारात फार फरक नव्हता. तिला मिळायचे ते मामांच्या पगाराचा पाचवा हिस्साही भरत नव्हते.  ती जाऊन बसली आणि दुसरं पत्र टाइप करायला लागली. मी मात्र दुपारभर एकच कागद पुढ्यात घेऊन बसून होते.

त्यानंतर ती परीक्षांच्या मागे जोरात लागली. आधीही द्यायचीच, पण आता ऑफिस सुटल्यावर एखाद्या रिकाम्या टेबलावर पुस्तक उघडून बसायची. साहेबांनी त्यांची जुनी पुस्तकं आणून दिली. गणितात अडलं की मोठे बाबू सांगायचे, आणि त्यांनाही येत नसलं की दोघं मिळून डोकं लावायचे. दोनदा थोडक्यात गेलं. तिसऱ्यांदा आमच्याच जिल्ह्याच्या एका भरतीत तिचं नाव आलं आणि कागदपत्र पडताळणीला परभणीला बोलावलं. आई-वडील उसाच्या फडावर, आजीला प्रवास झेपत नव्हता. मी किरकोळ रजा टाकली आणि तिच्याबरोबर एसटीत बसले.

तिथं रांग लांब होती. ती आत गेली आणि मी बाहेर झाडाखाली थांबले. मला या कामाची सवय, पण मी नेहमी टेबलाच्या अलीकडे असते. पलीकडची माणसं मी अशी कधी बघितली नव्हती. बघता बघता मला राहवेना, आणि मीच एकेकाशी बोलायला लागले.

एक मुलगा पुण्यात कंपनीत इंजिनिअर होता, पगारही बरा होता. "मग इकडं कशाला?" मी विचारलं. तो म्हणाला, "तिथं सकाळी गेलं की संध्याकाळी नोकरी असंल का न्हाई, सांगता येत न्हाई." पालमकडची एक सासू नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, सून आत गेली होती. "तिला लागू द्या, लेकरू मी बघते," असं ती मी न विचारताच तीनदा म्हणाली. पाथरीची एक मुलगी बुरखा घालून आली होती. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. "मराठीच्या पेपरची लय भीती होती," ती म्हणाली, "पण त्याच्यातच जास्त मार्क पडले." ते सांगताना तिलाच हसू येत होतं. एक कुबड्यांवरचा मुलगा पायऱ्यांकडे बघत उभा होता. त्याला वर कसं जायचं ते कळत नव्हतं. शेवटी आतला एक कर्मचारीच खाली आला आणि त्यानं पायरीवर बसून याचे कागद तपासले.

एवढी माणसं, आणि जागा थोड्या. आमच्या हॉलमध्ये कोण कोण येऊन बसू शकलं असतं, असं माझ्या मनात येत राहिलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "सगळे कागद बरोबर हायेत म्हणाले," एवढंच ती म्हणाली.

अंतिम यादी दोन-अडीच महिन्यांनी लागली. तिचं नाव होतं. ऑफिसातूनच तिनं आईला फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. "लागले म्हणलं, लागले! पर्मनंट!" मग तिनं फोन माझ्याकडे दिला.

"बाई, तुमी कोण?" आईनं विचारलं.

"मी तिच्या ऑफिसातली. तिच्यासंगं परभणीला गेले होते."

 मग आई म्हणाली, "तिनं सकाळपसून कायी खाल्लं का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नाही अशी मान हलवली. "आता खाऊ घालते," मी म्हणाले. ताईंनी डबा पुढे केला, आणि भजी आणायला साहेब स्वतः उठले.

तिला नेमणूक पालमला मिळाली. तिथल्या ऑफिसातही माणसं कमीच, त्यामुळे तिच्याकडे दोन टेबलांचं काम आलं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजात तीच जुनी चौकशी.

"मॅडम, मी दोन टेबलांचं काम करायले. मग पगार एकाच टेबलाचा कामून?"

"अतिरिक्त कार्यभाराचा नियम असतो," मी म्हणाले. "पण त्याच्या अटी काय आहेत ते बघावं लागेल."

"तुमी पण दोन टेबलांचं करताव की. तुमी कवा बघितलं न्हाई?"

मी कधीच बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचलाच नाही. फोन ठेवला आणि कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं. धूळ झटकून मी अनुक्रमणिका चाळायला लागले, तसे मोठे बाबू खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. "मोठ्यानं वाचा," ते म्हणाले, "मलाही ऐकू द्या."