वडिलांचे डोके बसवणेबाबत

आमच्या भावकीत मला 'मुंडीकाट्या' म्हणतात. खून वगैरे माझ्या हातून झालेला नाही. धुळ्याला एका कचेरीत जन्मभर कारकुनी केली, तिथे टाचणी टोचून बोटातून रक्त आलं असेल तेवढंच. पण नाव पडलं ते पडलंच, आणि त्याला पुरावा आहे. पुरावा अक्काच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, गेली चाळीस वर्षं जपून ठेवलेला आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या लग्नात फोटो मी काढले. गावातल्या मास्तरांकडे एक जुना कॅमेरा होता, तो मी चार दिवस त्यांच्या म्हशीला वैरण टाकून मागून आणला. देताना मास्तर म्हणाले, "हे बघ, वरच्या खिडकीतून तुला जे दिसतं ते सगळं फोटोत येतं असं समजू नकोस. भिंग खाली आहे, खिडकी वर. माणूस लांब असला तर चालतं. जवळून काढलास तर डोक्यावर चार बोटं जागा जास्त सोड."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी लहानपणापासून पटाईत. पुढे नोकरीत त्याचा फार उपयोग झाला.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठावर. दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, चुलाणावर वरणाचं पातेलं, गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या बट्ट्यांचा वास, आणि गळ्यात कॅमेरा अडकवून मी. त्या दिवशी नवरदेवापेक्षा माझा रुबाब जास्त होता. बायका पदर सारखा करत. एरवी मला 'ए पोऱ्या' म्हणणारे शेजारचे नाना 'भाऊ, एक आपला पण' म्हणू लागले. असा मान पुन्हा मिळाला तो थेट निवृत्तीच्या दिवशी, आणि तेव्हा हार कोमेजलेला होता.

दुपारी चारला अक्का सासरी निघाली. वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, हाच तो फोटो. मी दोन पावलं पुढे झालो. जवळ गेलो, खिडकीतून पाहिलं, दोघंही अगदी पुरे दिसत होते, खटका दाबला.

फोटो धुऊन आला पाचोऱ्याहून, पंधरा दिवसांनी. अक्का खाली मान घालून उभी. तिच्या डोक्यावर आबांचा हात. मागे आबांचं धोतर, आबांचा सदरा, खांद्यावर टॉवेल. आणि गळ्याच्या वर फोटो संपलेला.

मार पडणार म्हणून मी फोटो पुस्तकात लपवून दोन दिवस काढले. शेवटी आबांच्याच हाती लागला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि चक्क हसले. म्हणाले, "आज पहिली बार तू काही धड करं."

आबांचे टोमणे असेच असत. आवाज न चढवता, गालावर हात फिरवल्यासारखे. मी तो टोमणा गिळला आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

माझ्या चुकीची मजा इथेच संपली असती. पण लग्नाआधी पंधरा दिवस आबा आणि अक्कात अबोला होता. अक्काला मास्तरीणबाई व्हायचं होतं, त्यासाठी आणखी दोन वर्षं शिकायचं होतं. आबांनी स्थळ पक्कं करून टाकलं. अक्का भांडली. आबा गप्प झाले ते झालेच. निरोपाच्या वेळी डोक्यावर हात ठेवला तोही न बोलता. अक्काची मान खाली, त्यामुळे तिला त्यांचा चेहरा दिसला नाही. दिवाळीला माहेरी आली तेव्हा आबा तिच्याशी कपाशीवर बोलले, बैलाच्या खुरावर बोलले, बाकी काही नाही. पुढच्या पोळ्याच्या आत ते गेले. तेव्हापासून अक्काला एकच विचारायचं होतं. त्या दिवशीही ते रागात होते का? उत्तर त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असणार, आणि ते तोंड मी कापून टाकलेलं.

यंदा चैत्रात अक्काचा फोन आला. तिच्या मुलाने पाचोऱ्याजवळ नवं घर बांधलंय. बैठकीच्या भिंतीवर सासरा, सासू, आजेसासरा असे सगळे मोठ्या चौकटीत बसणार. बाईच्या माहेरचं कुणी भिंतीवर लावायची आमच्याकडे रीत नाही. पण मुलगा म्हणाला, आई, एक खिळा तुझा.

"तू मना बापनी मुंडी काटी, आते तूच लाई दे," अक्का म्हणाली. "वास्तुशांतले आठ दिन शेत. आते मोबाइलमा बठ्ठं व्हस म्हणतंस."

आबांचा दुसरा फोटो जगात एकच होता, सोसायटीच्या सभासद कार्डावरचा. टोपी घातलेले, समोर पाहणारे, उसाच्या वजनात कुणी काटा मारल्यासारखे रागावलेले. तो माझ्या कपाटात होता. सूनबाईने मोबाइलवर एआयचं ते फोटो जोडायचं प्रकरण टाकून दिलं आणि सांगितलं, "बाबा, काय हवं ते मराठीत लिहा. त्याला कळतं."

मराठीत लिहा म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी लिहिलं : 'विषय : वडिलांचे डोके बसवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सोबत जोडलेल्या फोटो क्र. १ मधील डोके फोटो क्र. २ मधील व्यक्तीस नैसर्गिकरीत्या बसवून मिळावे.'

अर्ज तत्काळ मंजूर झाला. कचेरीत असं कधी पाहिलं नव्हतं. आबांचं डोकं नैसर्गिकरीत्या अक्काला बसवलेलं होतं. शालू, हिरवा चुडा, नाकात नथ आणि भरघोस मिशा. आणि मागे बिनडोक्याचे आबा तिला आशीर्वाद देतायत.

बायको ओट्याला धरून इतकी हसली की दूध उतू गेलं. मी दुरुस्तीचा अर्ज केला. मग आबा आले, पण गोरे. बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत. डोक्यावर गांधीटोपीऐवजी मारवाडी फेटा. आणि खांद्यावरच्या टॉवेलचा लाल मफलर झालेला. चैत्रात, खानदेशात, मफलर!

चार दुपारी मी त्यात घालवल्या, आणि खोटं का बोलू, शिकलोही. कळलं की मान धडाची ठेवावी आणि डोकं जबड्यापासून वरचंच घ्यावं, नाहीतर बाटलीवर नारळ ठेवल्यासारखं दिसतं. कार्डावरच्या फोटोत उजेड समोरून होता, मांडवात ऊन डावीकडून. ते सांगितलं नाही तर डोकं वेगळ्या गावात आणि धड वेगळ्या गावात वाटतं. मग मी लिहू लागलो, 'ऊन डाव्या बाजूचे, दुपारी चारचे, आंब्याच्या पानांतून आलेले.' मान थोडी खाली. रंग शेतात राबलेल्या माणसाचा. कागद जुना, दाणेदार. एकेक ओळ लिहिताना मला तो मांडव दिसत होता, चुलाणाचा धूर दिसत होता, आणि आबांचे कान पुढून थोडे दुमडलेले होते हेही चाळीस वर्षांनी आठवलं. तेही लिहिलं.

एका गोष्टीने मात्र फार छळलं. तो टॉवेल. फोटोत त्याचं मागचं टोक पाठीवर होतं, आणि पुढचं टोक छातीवर लोंबायचं सोडून वर जात होतं, गळ्याच्याही वर. डोकं नव्हतं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. डोकं बसवलं की यंत्राला त्या टोकाचं काय करावं ते उमगेना. एकदा त्याची दाढी केली, एकदा हार केला, एकदा डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखं कानात घातलं. शेवटी वैतागून मी कचेरीतला जुना उपाय केला. अडचणीचा कागद फायलीतून काढून टाकला. लिहिलं, 'सदर टॉवेल वगळण्यात यावा.'

फोटो झकास आला. आबा मंद हसत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी सकाळची एसटी पकडून पाचोऱ्याला निघालो.

अक्का नव्या घराच्या गच्चीवर होती. ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते, आणि ती सावलीला बसून काठीने कावळे हाकलत होती. हात पुसून तिने मोबाइल घेतला. मी शाबासकीसाठी बसलो, पाठ ताठ करून.

"हाऊ कोन शे?"

"अगं, आबा!"

"हाऊ आबा? हाऊ ते नवरदेवना मामा वाटस. आबा कव्हय असा हसेत?" तिने फोटो मोठा केला. "आन त्याना टावेल कोठे गया?"

"काढला. मध्ये येत होता."

अक्का उठली, खाली गेली, आणि ट्रंकेतला तो जुना फोटो घेऊन आली. मोबाइलशेजारी ठेवला. "आठे टावेल वर जास. दख. कोठे जाई राहिना तो?"

मी पाहिलं. चार दुपारी मी त्या टॉवेलशी भांडलो होतो, आणि तो कुठे जातोय हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि मग ती खिडकी आठवली. कॅमेऱ्याची वरची खिडकी. त्यातून मला आबा पुरे दिसले होते की. डोक्यासकट.

"तोंडात," मी म्हणालो. "टॉवेलचं टोक तोंडात धरलं होतं त्यांनी. घट्ट चावून. डोळे मिटलेले. आठवलं. अगं, त्यांची दाढ दुखत होती ना तेव्हा! दाढ दुखली की ते टॉवेल चावायचे."

एका कावळ्याने तेवढ्यात एक बिबडा उचलला, तरी अक्काने काठी हलवली नाही.

"ती दाढ ते लगीनना आगोदर महिनाभर काढेल व्हती. पाचोराले. मीच संगे गई व्हतू."

अठरा वर्षांचा घोडा होतो मी. बाप दोन हातांच्या अंतरावर उभा रडतोय, रडणं बाहेर पडू नये म्हणून टॉवेल चावतोय, आणि हा शहाणा त्यात दाढ बघतोय. वर ती दाढ तशीच चाळीस वर्षं सांभाळतोय. आणि फोटो बघून आबा हसले होते ते? तो टोमणा नव्हताच. गावासमोर रडलेला चेहरा मी उडवून दिला, म्हणून माझी ती शाबासकी होती. आयुष्यातली एकुलती एक, आणि मी ती टोमण्याच्या खात्यात जमा केली.

"रडनात का रे ते?" अक्काने हळूच विचारलं.

"हो."

"मनाकरता?"

"मग काय माझ्या फोटोकरता?"

तिने पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदराने माझ्या पाठीत एक रट्टा घातला. "येडा! चाईस वरीस माले सांगता उनं नही तुले!" आणि पुन्हा एक. दुसरा जरा जोरात होता. मी तो मुकाट घेतला. थकबाकी होती.

मग आम्ही दोघं भावंडं बिबड्यांच्या शेजारी बसून आबांच्या तोंडात टॉवेल घालू लागलो. ती सांगे, मी लिही. यंत्राने पहिल्यांदा त्यांना टॉवेल उसासारखा सोलायला लावला. दुसऱ्यांदा करोनातला मास्क केला. तिसऱ्यांदा टॉवेल बरोबर बसला, पण डोळे परकेच. चकाकणारे, जाहिरातीतले.

"डोया मिची दे त्याना," अक्का म्हणाली. "मिटेलच व्हतात ना?"

मी लिहिलं, 'डोळे मिटलेले असावेत.' महोदय वगैरे काही लिहिलं नाही.

डोळे मिटले, तोंड टॉवेलात गेलं. आता यंत्राला चुकायला चेहऱ्यात जागाच उरली नाही. राहिलं ते कपाळ, टोपी, नाक आणि ते दुमडलेले कान. अक्काने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. अगदी आबांसारखा.

"ह्या शेत आबा," ती म्हणाली.

वास्तुशांतीला फोटो चौकटीत बसवून तिच्या खिळ्याला लावला होता, सासऱ्यांच्या बरोबरीने. पंगत उठल्यावर सासरकडची एक म्हातारी काठी टेकत त्याच्यासमोर थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"काय वं, तुना बाप हाई काय करी राहिना?"

अक्का ताट उचलता उचलता थांबली. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"काही नही, माय," ती म्हणाली. "त्यासनी दाढ दुखे."