गोजरबाईचं नाक

गोजरबाईंचा पहिला संशय मिठावर आला.

"महानंदा, आमटीत मीठ घातलंस का?"

"घातलंय की, आत्ती."

"मग गेलं कुटं?"

महानंदा ही सून. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाला चिकटलेलं. तिनं चुलीकडं तोंड केलं आणि पातेल्याला उद्देशून म्हटलं, "उप्पु हाकीनी री."

गोजरबाईंना कानडी येत नव्हती, पण कानडीत जे बोललं जातं ते आपल्याबद्दलच असतं एवढं त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"काय म्हनलीस?"

"मीठ घातलंय म्हनलं."

"तेवढंच? मग दात खाऊन का म्हनलीस?"

पोरगा विरेश खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. "आई, आमटी बराबर हाय की."

झालं. म्हणजे दोघं मिळालेले. गोजरबाईंनी वाटी सरकवली आणि दुसरा संशय काढला. मीठ तर सोडाच, आमटीत काळं तिखटसुद्धा नावापुरतंच होतं. तिखटाची बरणी तळाला चालली होती. ती अशीच जात नाही, तिला कुणीतरी नेतं. आणि माहेर कुणाला आहे? महानंदाला.

"एस्टी बंद हाय आत्ती," महानंदा म्हणाली. "माहेरला तिखट पाठवू कशी?"

"तेच तर मला बघायचंय."

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा चैत्र होता. वैरागचा बाजार कधी चालू, कधी बंद, आणि माणसं एकमेकांकडं अशी बघत होती, जशी गोजरबाई पूर्वीपासूनच बघत आल्या होत्या. त्यामुळं गावाला जड गेलेला तो काळ त्यांच्या अंगवळणी लगेच पडला. कोण कुठून आला, कोण शिंकला, कुणाच्या दाराशी परक्या गाडीच्या चाकाचा वळ आहे, हे त्यांना विचारावं लागत नसे. त्या वासानं ओळखत.

हे कौतुक म्हणून नाही, गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गोजरबाईचं नाक. दुधात पाणी आहे का हे त्या भांडं न उचलता सांगत. कुणाच्या कणगीतली ज्वारी बिघडायला लागली की आधी बोलावणं यांना. त्या वाकणार, एकदा ओढणार आणि म्हणणार, "खालनं किडा लागलाय. आजच काढा." लग्नाच्या पंगतीत आचारी आमटी उतरवायच्या आधी यांच्याकडं बघे. विरेश कॉलेजात असताना एकदा गुटख्याची पुडी खाऊन आला आणि वास लपवायला पेरूची पानं चावून आला. दारातच म्हातारी म्हणाली, "पेरूच्या झाडाला कशापायी तरास दिलास? आदी ती पुडी टाक."

आणि वर्षातनं एकदा या नाकाचा मान असे. उन्हाळ्यात काळं तिखट करायचं ते दोन्ही घरांचं एकत्र, गोजरबाई आणि त्यांची धाकटी जाऊ पारूबाई यांनी मिळून. पारू कढईपुढं बसे. मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, एकेक जिन्नस परतत जाई. गोजरबाई बाजूला पाटावर, डोळे मिटून. भाजणी नेमकी जमली की त्या एकच शब्द बोलत: "उतर." त्या शब्दाच्या आधी पारूनं कढई कधी उतरवली नव्हती आणि नंतर कधी ठेवली नव्हती. दोघींची भांडणं बांधावरनं झाली, म्हशीवरनं झाली, सासूच्या पाटल्यांवरनं तर दहा वर्षं चालली. पण कढईपुढं दोघी भांडत नसत. भांडायला तोंड लागतं, आणि तिखट भाजताना तोंड पदरात असतं.

दोन घरांच्या मधल्या भिंतीत हातभर भगदाड होतं. त्यातनं कालवणाची वाटी इकडून तिकडं जाई आणि शिव्याही जात. यंदा त्यात पारूनं तिकडून पोतं कोंबलं होतं.

कारण दिपक. पारूचा मुलगा, पुण्याला कंपनीत. कंपनीनं घरी बसवलं तसा बायकोला आणि लेकराला घेऊन गाडीवरनं आला. अजून हेल्मेट डोक्यावर होतं तोवर गोजरबाई दारात.

"शाळंत ऱ्हावा. भायेरनं आल्याले समदे शाळंत ऱ्हात्यात. नेम म्हंजी नेम."

"मोठ्याई, तपासून आलोय की. हे बघा मोबाईलवर. निगेटिव्ह."

"मोबाईलमधी काय बी दावत्यात. परवा विरेशनं त्यात म्हैस नाचताना दावली."

पारू आतून आली. "आक्का, माज्या लेकराला शाळंच्या फरशीवर निजवू? पुतण्या हाय का पाव्हणा हाय तुमाला?"

"माजा विरेश असता तरी शाळंतच धाडला असता. मी स्वता असते तरी गेले असते!"

हे वाक्य सगळ्या आळीनं ऐकलं. गोजरबाई हळू बोलतच नसत.

दिपक काही शाळेत गेला नाही. पारूनं त्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला आणि भिंतीत पोतं कोंबलं. तेव्हापासून गोजरबाईंचा पाट त्या पोत्याखाली. तूर निवडायच्या निमित्तानं बसायचं आणि कान लावायचा.

त्या दिवशी विरेश आणि महानंदा उजाडताच कांदा काढायला रानात गेले होते. गोजरबाईंचं अंग जरा मोडून आलं होतं. ते उन्हानं. पाटावर बसून त्या तूर निवडत होत्या, आणि पोत्यापलीकडनं आवाज आला.

ख्यँक.

गोजरबाईंचा हात सुपात थांबला.

ख्यँक, ख्यँक. हा दिपकचा, जाड. मग त्याच्या बायकोचा, बारीक, लाजरा, खुक खुक खुक. मग लेकराचा. मग स्वतः पारूचा, तो तर गोजरबाई हजारात ओळखतील, आधी एक लांब श्वास आणि मग कोंबडी ओरडल्यासारखा. शेवटी त्यांचं कुत्रं शिंकलं.

"मला वाटतच हुतं," गोजरबाई तुरीला म्हणाल्या.

त्यांनी मान वर करून हवा ओढली, सवयीनं. काही नाही. स्वच्छ हवा. डोळे जरा चुरचुरत होते, ते तुरीच्या भुशानं. म्हणजे धूर नाही, धूळ नाही, खोकायला दुसरं काही कारण नाही. घर आजारी पडलंय आणि लपवतंय.

त्यांनी फोन काढला. गावाच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई सबिहाचा नंबर विरेशनं एक दाबलं की लागेल असा करून ठेवला होता. पण आधी त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की एक बाई सूचना सांगायची, ती सांगू लागली.

"व्हय बाई, व्हय," गोजरबाई तिला म्हणाल्या, "हात धुते, लांब बी ऱ्हाते. आता सबिहाला दे."

सबिहा लागली. "बोला काकू."

"लगीच ये. पारूचं घरच्या घर आडवं झालंय. कुत्र्याला सुदीक झालाय. दिपकनं आनलाय पुन्याहून. शाळा उघडून ठिवायला सांग."

सबिहा आली ती डोक्याला ओढणी, तोंडाला दोन मास्क, पिशवीत ताप बघायला कपाळावर धरायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा घेऊन. गोजरबाई दाराच्या उंबऱ्यावर कमरेवर हात देऊन उभ्या. सबिहा आळीच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. दोन मास्कांतनं ठसकली. डोळे पुसले. परत ठसकली.

"बगा!" गोजरबाई शेजारपाजारच्या सगळ्या बंद दारांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "घरात पाय ठिवला न्हाय तर हिला बी लागला!"

"या अल्ला," सबिहा डोळे चोळत म्हणाली. "काकू, मिरची भाजतायत की ओ पारूकाकू. आख्खी आळी दारं लावून बसलीय. तुमी उंबऱ्यावर कशा उभ्या हाय?"

गोजरबाई हसल्या. "मिरची भाजली आन् मला वास येणार न्हाय?"

सबिहा हसली नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. ठसकत, डोळ्यांतनं पाणी गळत, पण बघत.

तेवढ्यात पारूचं दार उघडलं. पारू पदर तोंडात धरून बाहेर आली, नाक लालभडक, हातात झारा. मागून दारातनं निळसर धूर बाहेर पडला आणि आळीत पसरला, गोजरबाईंच्या उंबऱ्यापर्यंत आला, त्यांच्या लुगड्यातनं, त्यांच्या तोंडावरनं गेला. डोळ्यांत चुरचुरलं. घशात कुणी काटा फिरवावा तसं झालं. पण वास नाही. धूर दिसत होता आणि वास नव्हता, जसं बोलणाऱ्या माणसाचे ओठ हलावेत आणि आवाज येऊ नये.

"कुनी गं तक्रार केली?" पारू म्हणाली, आणि गोजरबाईंचं तोंड बघून उंबरा उतरून पुढं आली.

सबिहानं लांबूनच गोजरबाईंना घरातनं हिंगाची डबी आणायला लावली. महानंदाच्या फडताळातली, कडक. गोजरबाईंनी हुंगली.

"हिंगात भेसळ हाय."

मग देवापुढचा कापूर.

"आजकाल कापूर बी मेणाचा करत्यात."

पारूनं झाऱ्यावरची, भाजून काळी झालेली मिरची पुढं धरली. ती तर तिच्या हातची, तिच्यात भेसळ म्हणायची सोय नव्हती. गोजरबाईंनी ओढलं, पुन्हा ओढलं. मग स्वतःचाच पदर नाकाला लावला. लुगड्याला साबणाचा, चुलीचा, स्वतःच्या घामाचा वास असतो. तोही नव्हता. त्यांना एकदम उंबऱ्यावर बसावंसं वाटलं आणि त्या बसल्या. आता गावानं कणगीशी कशाला बोलवायचं? पंगतीत आचाऱ्यानं कुणाकडं बघायचं? नाक गेलं तर मागं राहते ती नुसती तोंडाळ म्हातारी, आणि तशा गावात पुष्कळ.

आणि दुसरं त्यांना आठवलं ते मीठ. महानंदानं घातलेलं मीठ, रोजच्या रोज, बरोबर.

"काकू, मदी कुटं गेलतासा?" सबिहानं विचारलं.

"वैरागला. मिरच्या आनाया."

"मास्क व्हता न्हवं?"

"व्हता की." गोजरबाई थांबल्या. "वास घ्याया तेवढा खाली केला. वासाबिगर मिरची कशी घेणार?"

"एका पोत्याला?"

"समद्या पोत्यांना."

पुढं चाचणी झाली, आणि जे सबिहाला आळीच्या तोंडाशीच कळलं होतं तेच निघालं. विरेश आणि महानंदाचं काही निघालं नाही. विरेश म्हणाला, आईला माडीवर ठेवू. गोजरबाईंना कुणी काही म्हटलं नव्हतं, पण सगळी आळी दारात उभी होती, आणि त्यांचं ते वाक्य सगळ्या आळीला पाठ होतं.

"शाळंत जाते," त्या म्हणाल्या. "नेम म्हंजी नेम."

"आक्का," पारू म्हणाली, "बास करा की. फरशी लई गार असती."

"तुला आनंद झाला आसंल."

"झालाय. पर फरशी गार असती."

शाळेतल्या खोलीत दिपकनं खाट नेऊन टाकली, पंख्याची वायर जोडली आणि बाहेरून ओरडला, "मोठ्याई, काय लागलं तर सांगा. माज्या मोबाईलवर म्हैस बी हाय, बघायची आसंल तर." गोजरबाईंनी खिडकी लावून घेतली. ताप दोन रात्री चढला. सबिहा चिमटा लावून आकडा बघायची आणि मान हलवायची, आणि गोजरबाई विचारायच्या, खरा आकडा सांगितीस का मला बरं वाटावं म्हणून?

डबा घरनं महानंदानं द्यायचा असं ठरलं होतं, पण पहिल्याच दिवशी आवारातल्या लिंबाखाली उभी होती पारू. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून परत लिंबाखाली गेली.

"नव्या तिखटाचं कालवण हाय. कसं झालंय?"

गोजरबाईंनी घास घेतला. कोमट, ओलं, मऊ. एवढंच.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

पारूचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशीही बरं हाय. तिसऱ्या दिवशी वांगं होतं, तेही बरं हाय. एका सकाळी पारू खिडकीच्या दोन पावलं जवळ आली.

"आक्का, एक सांगू? बरं हाय म्हनू नका ओ. लगीन झाल्यापासनं तुमी माज्या कशालाच बरं म्हनला न्हाईसा. मला भ्या वाटतंय."

गोजरबाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनाही वाटत होतं. पण ते पारूला सांगणं म्हणजे सासूच्या पाटल्या तिला देऊन टाकण्यासारखं होतं.

ताप उतरून बरेच दिवस झाले. सबिहा म्हणाली आता घरी चला, कुणाला धोका नाही. गोजरबाई म्हणाल्या, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या, उद्या. नाकाशिवाय घरी जाऊन करायचं काय?

अशाच एका सकाळी पारूनं डबा ठेवला आणि लिंबाखाली गेली. आता ती विचारतही नव्हती. गोजरबाईंनी झाकण काढलं, आणि काहीतरी झालं. फार लांबून, आळीच्या त्या टोकाला कुणी दार उघडावं इतकं बारीक. त्यांना खरं वाटलं नाही. आपलंच मन आपल्याला फसवतंय. त्यांनी झाकण लावलं. इकडं तिकडं बघितलं. पुन्हा झाकण हळूच उचललं, चोर पकडायचा असल्यासारखं.

होतं.

"पारू!"

पारू दचकली. "काय झालं?"

"मिरची करपवलीस."

पारूनं कानावरचा पदर मागं सारला.

"आन् खोबरं कच्चं हाय. धने कुठल्या मेल्यानं दिले? ह्येला तिखट म्हन्त्यात? कढई कवा उतरवायची एवढं बी कळंना व्हय तुला, इतकी वर्सं शेजारी बसून?"

पारू लिंबाखाली मटकन बसली. तोंडात पदर कोंबला. खांदे हलत होते. हसते का रडते ते खिडकीतनं कळेना, आणि गोजरबाईंना ते विचारायचंही नव्हतं.

"उगं बसू नगंस," त्या खिडकीतनं ओरडल्या. "सबिहाला सांग मी निघाले. आन् माज्या मिरच्या घरी पोत्यात हायत्या, त्यांला हात लावलास तर बघ. मी आल्यावर भाजायच्या. आन् ते भिंतीतलं पोतं काढ आदी."

"काढलंय कवाच," पारू डोळे पुसत म्हणाली. "तुमी शाळंत आला त्याच दिशी."

गोजरबाईंचे डोळे बारीक झाले.

"कुनाला इचारून काढलंस?"