कॅरम स्पर्धेचा सातवा नियम

सेलूच्या तहसीलसमोर लिंबाखाली माझे टेबल आहे. अर्जनवीस म्हणून माझी ख्याती पाथरीपर्यंत आहे. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणे वकिलांनाही जड जाते. म्हणूनच गावातील कॅरम मंडळाने खुल्या स्पर्धेची नियमावली माझ्याकडून लिहून घेतली.

त्यात सातवा नियम नवा होता. बांधाच्या भांडणात चुलतभावाचे डोके फोडून तीन वर्षे तुरुंगात काढलेला एक गृहस्थ सुटून आला होता आणि स्पर्धेत उतरणार, अशी बोलवा होती. मंडळाचे अध्यक्ष कापसाचे आडते. ते म्हणाले, "पोरंसोरं खेळतेत तिथं. असला माणूस नको. पक्कं लिवा."

मी लिहिले: ‘कोणत्याही न्यायालयाने, कोणत्याही गुन्ह्यासाठी, कितीही अल्प मुदतीची शिक्षा दिलेल्या व्यक्तीस प्रवेश मिळणार नाही.’ त्या वाक्यातून मुंगीही निसटली नसती.

पत्रके वाटून झाल्यावर तो गृहस्थच माझ्या टेबलाशी आला. दोन्ही बाजूंचे अर्ज लिहून देणे हा माझ्या व्यवसायाचा शिरस्ताच आहे.

"प्रवेशासाठी अर्ज लिवा," तो म्हणाला. "आत रोज खेळायचो. घरी आल्यापासून समोर कुणी बसंना गेलंय."

"नियम कडक आहे."

"कुणी लिवला?"

"मीच."

तो हसला. "मग तुमालाच ठावं आसंल त्याचं दार कुठं हाय ते."

दार मी ठेवलेच नव्हते. म्हणून अर्जात दुरुस्ती सुचवली: ज्याने खेळाच्या जागी दंगा वा मारहाण केली, त्यालाच बंदी असावी. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला बोर्डापासून दूर ठेवून गाव अधिक सुरक्षित होत नाही, असे माझे आजही मत आहे.

मंडळाच्या बैठकीत नियम आणि अर्ज मीच वाचून दाखवले. ‘कितीही अल्प मुदतीची’ या शब्दांवर एक सभासद खुसखुसला. "मग अध्यक्षसाहेब, तुमी बी बाहेरच की! कापसाच्या रास्ता रोकोत कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाल्ती न्हवं? दर साली सांगता आमाला."

"ते आंदोलन व्हतं."

"शिक्षा ती शिक्षाच. अर्जनवीसांनी कुणालाच सोडलं न्हाई."

मसुदा चुकीचा नव्हता. गरजेपेक्षा अधिक बिनचूक होता. मी दुरुस्तीचा कागद पुढे सरकवला. अध्यक्षांनी तो परत सरकवला. "वाटलेला नियम बदलायचा न्हाई. मी बी खेळत न्हाई."

स्पर्धेच्या दिवशी उद्घाटन उरकून अध्यक्ष मंडळाच्या व्हरांड्यात येऊन बसले. तो गृहस्थ फाटकाबाहेर उभा होता. जादा बोर्ड भिंतीला टेकवलेला होता. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले, बोर्डाकडे पाहिले आणि मला हाक मारली.

"अर्जनवीस, व्हरांड्यात खेळू न्हाई, असं लिवलंय का कुठं?"

"नाही."

"लय उपकार झाले तुमचे. या हो पाव्हणे, बसा समोर."

तो चपला काढून बसला. त्याने बोर्डावर पावडर टाकली. स्ट्रायकर हाती घेऊन नेम धरला. पंच अर्थातच मी होतो. हरलेले खेळाडू आतून एकेक बाहेर येऊन कडेला उभे राहिले.

अध्यक्ष पहिला डाव हरले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी सोंगट्या पुन्हा मधोमध रचायला घेतल्या.