वहिनींच्या वावराचा परिच्छेद

परिच्छेद कसा लिहावा यावर माझ्याशी वाद घालायला कोणी येऊ नये. वडनेर भोलजीच्या बाजूच्या एका हायस्कुलात मी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली. 'आमचे गाव' या विषयावर दहा ओळी लिहा म्हटलं, की पोरं 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरुवात करायची, मध्येच मामाच्या नव्या मोटारसायकलवर बसायची आणि 'म्हणून झाडे लावा' म्हणत उतरायची. गाव कुठेच नसायचं. असल्या वह्या तपासताना माझं डोकं उठायचं.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. आपल्याकडे अनोळखी पोरगं दारात आलं की म्हातारी माणसं पहिल्यांदा काय विचारतात? "कोणाचा बे तू?" तसंच प्रत्येक वाक्याला विचारायचं. पहिलं वाक्य घरधनी. त्यानं आपलं म्हणणं सरळ सांगायचं. पुढच्या प्रत्येकानं त्याच्याशी आपलं नातं सांगायचं. नातं सांगता आलं नाही की बाहेर. पोरांना हा खेळ भलता आवडायचा. कोणाचं वाक्य हाकललं गेलं की वर्गात हशा पिकायचा.

हे शाळेबाहेर कधी उपयोगी पडेल असं मात्र मला वाटलं नव्हतं. बीटी कपाशी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या बोंडाला अळी लागत नाही, या भरवशावर सगळं गाव निवांत होतं. तो भरवसा एका हंगामात मोडला. वरून बोंड टपोरं, हिरवंगार. फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी आणि सडका, पिवळा कापूस. धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर माणसं बोंडं फोडत उभी असायची.

आमच्या शेजारच्या वहिनींचं ते पहिलंच वर्ष होतं. नवरा आदल्या उन्हाळ्यात आजारानं गेला होता आणि वावर, म्हणजे शेत, त्यांनी स्वतः करायला घेतलं होतं. त्यांच्या धाकट्या दिराला ते पटलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण बाईच्या हातानं शेती होत नाही यावर तो ठाम होता. अळी गावभर होती, तरी वहिनींकडे दिसली तसं तो चारचौघांत बोलू लागला, की वहिनींना फवारणी कळली नाही, पेरणी कळली नाही, आता वावर त्याला बटईनं, निम्म्या वाट्यानं करायला द्यावं. वहिनींनी एकच अट घातली. कृषी खात्याचा माणूस येऊन वावर पाहू दे. चूक माझी निघाली तर वावर तुम्ही करा.

त्यासाठी अर्ज हवा होता. वहिनी तो स्वतः लिहून घेऊन माझ्याकडे आल्या. सुरुवात नवऱ्याच्या आजारपणापासून होती. मग दवाखाने, मग लोकांची बोलणी, मग सासरची माणसं. कपाशी येईपर्यंत कागद उलटावा लागत होता. मी पेन उचलून वरच्या ओळींवर काट मारली. वहिनींचा चेहरा उतरला.

"माहा माणूस गेला, हे लिहाचं नाई काऊन?"

मला फार वाईट वाटलं. तरी मी काट मागे घेतली नाही. सांगितलं, की हे वाचून साहेब हळहळेल, चहा सांगेल आणि तुम्हाला घरी पाठवेल. त्याला रडवायचं नाही, वावरात आणायचं आहे. वहिनींनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, लिहा तुमच्या मनासारखं.

खरी अडचण पुढे होती. बीटीच्या पिशवीत साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचं एक लहान पाकीट असतं. ते धुऱ्याच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळी तिकडे राहते. आमच्याकडे ते कोणी तसं लावत नसे. बी वाया कशाला घालवायचं म्हणून जिथे उगवण झाली नाही तिथे लोक तेच टोचून मोकळे व्हायचे. वहिनींनीही नाल्याकडच्या तासांत, म्हणजे ज्या ओळींत पाणी साचून बी कुजलं होतं तिथे, तेच लावलं होतं. हे अर्जात नको, असं त्यांचं म्हणणं. साहेबाला कळलं तर साध्या झाडांमुळेच अळी आली म्हणेल आणि दीर टपलेलाच आहे.

मी म्हटलं, ते लिहायचंच, आणि दुसऱ्याच वाक्यात. पडती बाजू शेवटी सापडली तर ती सगळा परिच्छेद बुडवते. पहिल्या वाक्याच्या पाठोपाठ आली तर पुढची वाक्यं तिला उत्तर देऊ शकतात. वहिनींना धास्ती वाटत होती. मला नव्हती. मी लिहिलं: माझ्या संपूर्ण वावरातील बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी आहे. नाल्याकडच्या तासांत साधी कपाशी आहे, तिथेही अळी आहे. परंतु रस्त्याकडच्या बाजूस सर्व झाडे बीटीची असून तिथेही तितकीच आहे. कपाशी उपटून हरभरा पेरण्याआधी कृपया पाहणी करावी. बस्स, एवढंच. खाली वहिनींची सही.

साहेब आला तो कागद हातात आणि गावातले दोन पंच सोबत घेऊनच. पहिलं वाक्य वाचून धुऱ्यावरून वावर पाहिलं. दुसरं वाचून नाल्याकडे गेला. तिथली झाडं पाहताच दीर पुढे सरसावून सांगू लागला, की बघा, हे साधं बी बाईनं मध्येच टोचलं. साहेब म्हणाला, हे बाईंनी अगोदरच लिहिलं आहे. आणि तिसरं वाक्य वाचत तो रस्त्याकडे चालू लागला. तिकडे त्यानं स्वतः बोंडं तोडली, फोडली, तळहातावर धरून पंचांना दाखवली. माझा परिच्छेद पायांनी वाचला जाताना मी पाहत होते. इतका अभिमान मला कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटला नव्हता.

मग त्यानं धुऱ्यावर बसून पंचनामा लिहिला आणि सगळ्यांसमोर वाचला. बीटी झाडांवरही अळीचा प्रादुर्भाव आढळला. निंदण, डवरणी, फवारणी योग्य. मशागतीत कसूर दिसून आली नाही. वहिनींनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. साहेबानं ते पुन्हा वाचलं.

दीर मान खाली घालून उभा होता. वहिनी पदर खोचून त्याच्याकडे वळल्या.

"कपाशी उपटली का तिफन पाठवजा, भाऊजी. हरभरा मी पेरीन."

तो म्हणाला, "हाव, वहिनी."