चौदाव्या निर्णयाचा फेरविचार

मकास्सर शहराच्या बंदराजवळ, एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. रोस्मिना तिथे सुरुवातीपासूनची. पूर्वी ती प्रोग्राम लिहायची, पुढे तिच्याकडे निर्णयांची फाइल आली. सॉफ्टवेअरची बांधणी करताना जे मोठे निर्णय होतात ते का घेतले, त्यासाठी काय सोडून दिलं, हे ती नोंदवून ठेवी आणि वर्षातून एकदा सगळ्यांना बसवून एकेक निर्णय पुन्हा तपासायला लावी.

ती फाइल उघडून बसली की कोणीतरी म्हणायचंच, "आल्या बाई! आज कोणाची उलटतपासणी?"

ती हसून सोडून द्यायची. कंटाळवाणं का होईना, कोणीतरी हे करायला हवं असं तिला मनापासून वाटे.

चौदावा निर्णय मालकांचा, म्हणजे इद्रुससाहेबांचा होता. रोग्याची ओळख त्याच्या मोबाइल नंबरवरून ठेवायची. "ओळखपत्र घरी राहतं, फोन हातात असतो," असं ते तेव्हा म्हणाले होते आणि रोस्मिनाने ते तसंच टिपून घेतलं होतं. कंपनीकडे तेव्हा फक्त शहरातले दवाखाने होते. निर्णयात खोट काढायला जागाच नव्हती.

मग बेटांवरची आरोग्य केंद्रं आली. तिथे घरात फोन एकच. नवरा मासेमारीला गेला की फोनही समुद्रावर. एका नंबरावर आजी, सून, नातवंडं, सगळ्यांचे आजार एकाच माणसाच्या नावावर जमू लागले.

रोस्मिनाने विषय बैठकीत काढला. सगळ्यांनी मान डोलावली. "खरं आहे बाई, बदलायला हवं. पण औषधांचा साठा, तपासण्या, विमा, सगळं त्या नंबरालाच बांधलंय. हे वर्ष जाऊ दे." पुढच्या वर्षीही तेच. तोवर आणखी चार गोष्टी त्या नंबराला बांधल्या गेलेल्या असत. दर वर्षी सगळ्यांना पटायचं, आणि दर वर्षी ती फाइलमध्ये लिहायची : निर्णय कायम.

बेटांवरच्या नर्सबाया तिलाच फोन करायच्या. त्यांची अडचण तिला ऐकवेना. एकदा तिने हार्तिना नावाच्या नर्सला सांगून टाकलं, "घरातलं दुसरं माणूस आलं ना, तर नंबराचा शेवटचा आकडा बदलून टाक. काम तर चालेल."

काम चाललं. एकीने दुसरीला सांगितलं आणि ती युक्ती सगळ्या बेटांवर पोचली.

एके दिवशी दुपारी हार्तिनाचा फोन आला. "ताई, तुमच्या मशीनच्या मते दाएंग बोल्लोला चौथा महिना आहे. सत्तरी उलटलेली बाई!"

रोस्मिनाला हसू फुटलं. पलीकडे हार्तिना मात्र हसत नव्हती.

"मी रजेवर होते हो. माझ्या जागी आलेल्या मुलीला आपली आकड्याची युक्ती माहीत नव्हती. सुरियाती गरोदर, तिने घरचा नंबर दिला, आणि सून सासूच्या नोंदीत जाऊन बसली. म्हातारीच्या मधुमेहाच्या गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत म्हणून मशीनने अडवल्या. त्या पोरीने विचार न करता परत पाठवलं म्हातारीला. दोन-तीनदा पाठवलं. पायाला जखम होती, ती चिघळली. काल मकास्सरला पाय कापला."

रोस्मिनाने त्याच दुपारी सगळ्यांना बैठकीचा निरोप धाडला.

दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. इद्रुससाहेबांचा चेहरा उतरला होता. "बस्स झालं. बदलून टाकू या. लागेल तेवढा वेळ घ्या."

जुना प्रोग्रामर आमिरुद्दीन मान खाली घालून बोलला. "साहेब, मी आजपासून बसतो. पण बेटांवरचे अर्धे नंबर बनावट आहेत. खरा कुठला, खोटा कुठला, कुठली नोंद कोणाची, हे मला कोण सांगणार? चुकीचं वेगळं केलं तर आणखी कोणाचं तरी औषध बंद पडेल."

"बनावट? ते कोणी घातले?"

"मी," रोस्मिना म्हणाली. "मी सांगितलं होतं तसं करायला."

कोणी रागावलं असतं तर बरं, असं तिला झालं. एवढी वर्षं बारीकसारीक टिपणाऱ्या बाईने ही एकच गोष्ट टिपली नव्हती. फोनवरचं बोलणं, त्यात निर्णय कसला, असं वाटून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत खल झाला. शेवटी ठरलं ते एवढंच : पडद्यावर लाल अक्षरांत सूचना द्यायची, नाव आणि वय विचारून घ्या. रोस्मिनाने फाइल उघडली आणि चौदाव्या निर्णयाखाली पुन्हा तेच दोन शब्द लिहिले.

महिन्याभराने ती बोटीने बेटावर गेली. जाताना एक साधा फोन आणि नवं सिमकार्ड घेतलं. निदान या एका बाईची नोंद तरी वेगळी करावी. दाएंग बोल्लो घराच्या जिन्यावर पाय, म्हणजे उरलेला पाय, सोडून बसली होती. सुरियाती तिच्यासाठी मासा साफ करत होती.

"हा तुमचा एकटीचा नंबर, आजी. यात दुसरं कोणी येणार नाही."

"माझा एकटीचा?" म्हातारीने फोन उलटासुलटा करून पाहिला. "मला कोण फोन करणार गं पोरी? सगळे तर इथेच आहेत."

आरोग्य केंद्रात हार्तिनाने नवा नंबर टाकला. पडदा क्षणभर रिकामा राहिला आणि त्यावर एका पुरुषाचं नाव आलं. पलोपो शहरातला कोणी हाशीम, क्षयाचे उपचार अर्धवट सोडलेले. फोन कंपन्या बंद पडलेले नंबर नव्या गिऱ्हाइकाला विकतात, हे रोस्मिनाला माहीत होतं. दुकानात पैसे देताना मात्र आठवलं नव्हतं.

"आता हो, ताई?" हार्तिनाने विचारलं.

मग हार्तिनानेच खणातून एक कोरं पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यावर म्हातारीचं नाव आणि गोळ्या लिहिल्या.

बोट सुटायला अवकाश होता. घरी परतल्यावर सुरियातीने भाजलेला मासा आणि भात पुढे ठेवला. "खा हो, लांबून आलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही राग नव्हता. रोस्मिना धक्क्याकडे पाठ करून बसली आणि एकेक घास गिळत राहिली.